डाव्या हाताचं काय करायचं

शोरूममधला पोरगा स्कूटरवर माझ्या मागे बसला आणि म्हणाला, "काही नाही मॅडम, फक्त पिळायचं." मी पिळलं. गाडी निघाली. शंभरेक मीटरवर एक म्हैस रस्ता ओलांडत होती. म्हैस आडवी आली की काय करायचं, हे मला पंचवीस वर्षं पाठ आहे. ॲक्सिलरेटर सोडायचा, डाव्या हाताने क्लच धरायचा, पायाने एक गिअर कमी, उजव्या पायाने ब्रेक. डाव्या हाताने क्लच धरला. म्हणजे धरला असं त्याला वाटलं. क्लचच्या जागी ब्रेक होता, आणि हाताने तो चारही बोटांनी मुळापर्यंत आवळला.

गाडीने जागच्या जागी नाक खुपसलं. पोराचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर खणकन आदळलं. माझा उजवा पाय फुटबोर्डवर नसलेला ब्रेक शोधत राहिला. म्हशीने सावकाश मान वळवून बघितलं. माणसांचं मला फार कळत नाही, म्हशींचं कळतं. शेपटीशी उभ्या राहिलेल्या नवशिक्या डॉक्टरकडे त्या अशाच बघतात.

"मॅडम, आधी गाडी चालवलीय ना?" पोराने विचारलं.

काय सांगणार त्याला? त्याच्या वयाइतकी वर्षं मी गाडी चालवतेय, आणि नेमकी तीच अडचण आहे.

मी गुरांची डॉक्टर. शिरवळच्या कॉलेजातून ९७ साली बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी नोकरी लागली. कोरेगाव, खटाव, माण या तालुक्यांतले दवाखाने फिरत फिरत आता जिल्ह्याच्या ठिकाणी, टेबलाच्या या बाजूला येऊन बसलेय. मधल्या सगळ्या वर्षांत माझ्याकडे तीन मोटरसायकली झाल्या. पहिली जुनी घेतलेली सीडी हंड्रेड, मग स्प्लेंडर, मग युनिकॉर्न. स्कूटर एकही नाही. स्कूटर घ्यायची नाही, हे माझं ठरलेलं होतं. कोणी विचारलं तर कारणंही तयार होती. त्यातली काही खरी होती.

नोकरी लागली तेव्हा बाबा म्हणाले होते, स्कूटी घेऊन देतो. त्या काळी मुलीने चालवायची गाडी म्हणजे लूना, सनी नाहीतर स्कूटी, आणि घर जरा बरं असेल तर कायनेटिक होंडा. मी म्हटलं, बाबा, वर्धनगडचा घाट आहे, पावसाळ्यात वाड्या-वस्त्यांचे रस्ते म्हणजे नांगरट, एवढ्याशा चाकांनी मी कशी जाणार? शिवाय मागे नायट्रोजनचं भांडं बांधायचं असायचं. तीन लिटरचं ॲल्युमिनियमचं भांडं, आत उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन आणि त्यात बुडवलेल्या रेताच्या कांड्या. भांडं कलंडलं की नायट्रोजन सांडतो, आणि आटला की आतला सगळा माल मातीमोल. मी ते कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधायचे आणि प्रत्येक खड्ड्याला मागे वळून बघायचे. ते भांडं ठेवायला स्कूटरच्या फुटबोर्डाइतकी चांगली जागा दुसरी नाही. दोन पायांच्या मध्ये, डोळ्यांसमोर, उभंच्या उभं. हे तेव्हाही दिसत होतं. कबूल करायला मात्र वेळ लागला.

कारण खरं कारण वेगळं होतं. मी गोठ्यात शिरले की लोक माझ्या मागे बघायचे. डॉक्टर कुठायत? मागून येतायत का? मीच डॉक्टर म्हटलं की गाईचा मालक गाईला एक पाऊल मागे घ्यायचा. सीडी हंड्रेड घेतली आणि हे बघणं निम्म्याने कमी झालं. सलवार-कमीज, पायात गमबूट, हेल्मेट काढताना सुटलेली वेणी, आणि खाली मोटरसायकल. "बाई गाडी हाणत्यात" हे एका गावातून दुसऱ्या गावात माझ्या आधी पोचायचं. एकदा मोटरसायकल चालवणारी बाई ठरल्यावर मग हातही घालू द्यायचे. स्टेथोस्कोपपेक्षा जास्त काम त्या ९७ सीसीच्या इंजिनाने केलंय. अशा गाडीवरून उतरून स्कूटीवर बसायचं, ती बापाने घेऊन दिली तरी? छे.

हात घालण्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण सगळी गोष्ट त्या हाताचीच आहे. गाय तपासताना आमच्यासारखी उजव्या हाताची माणसं डावा हात आत घालतात, कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत. गाय भरवायची, म्हणजे कृत्रिम रेतन करायचं असलं तर डाव्या हाताने आतून गर्भाशयाचं तोंड पकडायचं आणि उजव्या हाताने बाहेरून रेत सोडायची गन पुढे सारायची. उजवा हात नुसता ढकलतो. बघायचं काम डाव्याचं. गाभण आहे का हे सोनोग्राफीशिवाय सांगायचं तर गर्भाशयाची भिंत दोन बोटांत हलकेच उचलायची आणि आतला पातळ पडदा बोटांतून निसटतो का ते बघायचं. दीड महिन्याच्या गाभणीत तो पडदा म्हणजे ओल्या कांद्याच्या पापुद्र्याहून नाजूक. जोर लावला तर वासरू जाईल, कमी लावला तर कळणार नाही. मालक बाहेर श्वास रोखून उभा असतो. "बाई, ऱ्हायली का उलटली?" डोळे मिटून बोटं काय म्हणतायत ते ऐकायचं, आणि तेवढ्यात गाय कळ देऊन हात असा आवळते की मनगटापासून खांद्यापर्यंत मुंग्या येतात. वंध्यत्व शिबिरात अशा वीस-पंचवीस गाई एका दिवसात. मग तोच हात धुऊन हँडलवर ठेवायचा आणि घरी येईपर्यंत क्लच दाबत राहायचा.

२०२२ साली लंपी आला, गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा रोग. त्या पावसाळ्यात आणि नंतर आम्ही सगळ्यांनी मिळून काय केलं ते आता आठवतही नाही धड. सकाळी बर्फाच्या डब्यात शेळ्यांच्या देवीची लस भरायची, वस्तीवर वस्ती करत अंधार पडेपर्यंत फिरायचं. थांब, उतर, टोच, चढ, क्लच, पहिला गिअर, दुसरा, थांब. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी डावा हात वेणी घालायला डोक्यापर्यंत जाईना. फ्रोझन शोल्डर, शिवाय मनगटापाशी अंगठ्याची शीर सुजलेली. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, या हाताने नक्की काय काय करता? मी सगळं नीट सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "यातलं एक तरी कमी करा."

गाई कमी झाल्या आपोआप, बदली झाली म्हणून. क्लच उरला.

तरी मी आणखी दीड वर्ष काढलं. साताऱ्यात गाडी चालवायची म्हणजे चढ-उतार आलाच. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जायचं तर अर्धा क्लच, परत पहिला, परत अर्धा क्लच. रात्री मनगटाला शेक. पुतण्या म्हणायचा, आत्या, ॲक्टिव्हा घे ना. मी म्हणायचे, बघू. सोडवलं शेवटी आईने. आई एकोणऐंशीची. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, बरी झाली, काठी घेऊन चालायला लागली. तीन महिन्यांनी म्हणाली, पुसेगावला सेवागिरी महाराजांना जाऊन येऊ, बोललेय मी. रिक्षाने एवढ्या लांब नको, एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत, आणि दुसऱ्याच्या गाडीतून जायचं तर ते सांगतील तेव्हा निघायचं. तुझ्यामागे बसते, म्हणाली. युनिकॉर्नपाशी नेऊन उभी केली. आई एका बाजूलाच बसणार, नऊवारी सुटून पाचवारी आली तरी ते बदललेलं नाही. तिने सीटवर हात ठेवला, सीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे आता माझ्याच्यानं व्हायचं नाही गं. पूर्वी टुणकन बसायचे."

युनिकॉर्नच्या सीटची उंची ७९८ मिलिमीटर. बहुतेक स्कूटरींची ७६५. फरक दीड इंचही नाही, आणि त्या दीड इंचाने निकाल लागला. खुबा इंचांतच मोजतो.

मग मी हे काम डॉक्टरला शोभेल अशा गांभीर्याने हाती घेतलं. वहीत रकाने पाडले: उंची, वजन, चाकं, टाकी, ॲव्हरेज. ओळखीच्या प्रत्येकाला विचारलं, आणि तिथेच चुकलं. टू-व्हीलर या विषयात ज्याला मत नाही असा माणूस आपल्याकडे जन्मायचाय. दादा म्हणाला इलेक्ट्रिक घे, आकुर्डीच्या बजाजची नवी चेतक बघ, पत्र्याची बॉडी आहे. चेतक बघितली, आवडली. पण आमच्या इमारतीत पार्किंगमधल्या एका प्लगवरून दोन बिऱ्हाडं वर्षभर बोलत नाहीयेत, तिसरं कशाला. पुतण्या एनटॉर्क म्हणत राहिला, कारण ती त्याला चालवायची होती. ऑफिसातल्या सगळ्या बायकांनी एका सुरात ॲक्टिव्हा सांगितली, आणि त्याला कारण द्यावं असं कोणालाही वाटलं नाही. ॲक्टिव्हा २००१ साली आली, आणि एवढ्या वर्षांत ते कंपनीच्या एका गाडीचं नाव राहिलेलंच नाही. "माझी ॲक्टिव्हा लावलीय तिथे" म्हणणाऱ्या बाईची गाडी जाऊन बघितली तर ॲक्सेस निघते.

मी आईला घेऊन शोरूमं फिरले, रिक्षाने. साडीच्या दुकानात गादीवर बसून एकेक साडी खाली टाकायला लावावी तशी ती एकेका गाडीवर बसून बघत होती. ही घसरती आहे. हिच्या मागे धरायला काही नाही. हिचा रंग चांगला पण पाय लोंबकळतात. विकणारी पोरं तिला आजी, आजी करत ब्लूटूथ समजावून सांगत होती आणि ती पाय टेकवायची पट्टी हाताने चाचपून बघत होती. माझं लक्ष चाकांवर. युनिकॉर्नची दोन्ही चाकं १८ इंची. स्कूटरींत बऱ्याच जणींचं पुढचं १२ आणि मागचं १०. मोठं चाक खड्डा ओलांडतं, लहान चाक खड्ड्यात उतरून वर येतं. खटावच्या रस्त्यांवर हा फरक कमरेला कळतो. म्हणून पुढे-मागे १२ इंची चाकांवर मी अडून बसले. आई अडून बसली दुसऱ्याच गोष्टीवर. शेजारच्या काकूंची गाडी तिने बघितलेली. पेट्रोल भरायचं तर सीट उचलायची, म्हणजे मागे बसलेल्या बाईने उतरायचं, पुन्हा चढायचं. "चढायला मला पाच मिनिटं लागतात. पंपावर लोक ओरडतील." आता पुष्कळ गाड्यांचं झाकण बाहेर आलंय, पण मागे, दिव्यापाशी. ज्युपिटर १२५ निघाली ती वेगळी. हिची पेट्रोलची टाकी पायाखाली, फुटबोर्डाच्या आत, आणि तोंड पुढे, गुडघ्यांसमोर. चाकं दोन्ही बारा इंची. आमच्या दोघींचे हट्ट एकाच गाडीत बसले, म्हणून ती घेतली. बाकीचे रकाने वहीत रिकामेच राहिले.

तर म्हशीसमोर नाक खुपसलेली गाडी हीच.

गाडी येऊन उभी राहीपर्यंतच्या आठ दिवसांत मला बाबांची प्रिया फार आठवली. आमच्या घरात स्कूटर होतीच की. मी ती कधी चालवलीच नाही, एवढंच. प्रिया आमच्या साताऱ्याची, इथल्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनायची. तेव्हा चेतक काय आणि प्रिया काय, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. चेतकचा नंबर मुलीच्या जन्माला लावावा आणि तिच्या मुंजीला गाडी यावी, असं बाबा म्हणायचे. मुलीची मुंज होत नाही, हाच विनोद. सकाळी चालू झाली नाही की ते तिला एका अंगावर कलती करायचे, पेट्रोल खाली उतरावं म्हणून, आणि किक मारायचे. मी पुढे उभी. माझ्या नाकासमोर त्यांचा डावा हात. त्या हाताकडे मी तेव्हा तासन्‌तास बघितलंय. क्लचही त्याच मुठीत आणि गिअरही त्याच मुठीत. दाबायचं आणि दाबलेलं ठेवूनच मनगट फिरवायचं, खट्. चढावर मनगट एकीकडे वळायचं, सपाटीला दुसरीकडे. स्कूटरवर डाव्या हाताला काम नसतं, हे म्हणे! बाबांच्या डाव्या हाताला माझ्या हातापेक्षा जास्त काम होतं.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे वेस्पा. इटालियनमध्ये वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. ती १९४६ साली ज्याने घडवली तो कोर्रादिनो दास्कानियो विमानं आणि हेलिकॉप्टरं करणारा इंजिनिअर, आणि त्याला मोटरसायकल अजिबात आवडत नसे. बसायला अवघड, साखळीच्या वंगणाने कपडे काळे, पंक्चर झालं की चाक काढता काढता जीव जाणार. म्हणून त्याने साखळीच ठेवली नाही. इंजिन मागच्या चाकाला लावून पत्र्याखाली झाकलं, पुढे चिखल अडवायला पत्रा उभा केला, पायातला गिअर हातात दिला, आणि चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, की नट सोडले की चाक हातात. ज्या ज्या गोष्टींवर मी पंचवीस वर्षं जीव लावला, त्या एकेक नावडल्या म्हणून ही गाडी जन्माला आलेली. साखळीला तेल घालायचा माझा रविवार होता! नखांतला तो काळा रंग सोमवारी ऑफिसात घेऊन जायला मला आवडायचं. पण साडी नेसलेल्या बाईला, धोतर नेसलेल्या भटजीला, पुढ्यात सिलिंडर घेऊन जाणाऱ्या माणसाला त्या इंजिनिअरने न बघता ओळखलेलं होतं, हे मान्य करायला हवं.

डाव्या हातातला गिअर आपल्याकडे काढला कायनेटिक होंडाने, १९८४ साली. बटणावर सुरू होणार, गिअर नाही, क्लच नाही. बाबा तिला "शिवणयंत्र" म्हणायचे. मीही त्यांचंच ऐकून तेच म्हणायचे, आणि गिअर नसलेल्या गाडीत मुळात असतं तरी काय, हे बघायची तसदी कधी घेतली नाही. गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. त्याने माझ्या तिन्ही गाड्या सांभाळल्यात. नवी गाडी बघून तो सुतक असल्यासारखा उभा राहिला. म्हटलं, तुझ्याकडे कोणाची उघडलेली स्कूटर आहे का, मला आतलं दाखव. एक होती. डाव्या बाजूचं लांबट झाकण काढलेलं, आत काळा रबरी पट्टा, दोन टोकांना दोन चाकं. त्याने पुढचं चाक सोडवून तळव्यावर उलटं केलं. आतून सुपारीएवढे सहा रोळ घरंगळले.

"ह्ये बगा बाई, ह्येच तुमचं गिअर."

इंजिन फिरायला लागलं की ते रोळ बाहेर फेकले जातात, चाकाच्या दोन थाळ्या जवळ येतात, पट्टा मधून वर चढतो. मागच्या चाकाच्या थाळ्या तेवढ्याच फाकतात, तिथला पट्टा खाली उतरतो. झालं. पहिल्यापासून पाचव्यापर्यंतचे सगळे गिअर आणि त्यांच्या मधलेही, एकही खट् न होता. मागे एक घमेल्यासारखी वाटी आणि तिच्यात क्लच. तोही आपोआप, वेग आला की बाहेर फाकून वाटीला चिकटतो, वेग उतरला की सोडून देतो. म्हणजे क्लच आहे. माझ्या डाव्या हाताचं काम कोणीतरी करतंय, मला न विचारता. रोळ मी बोटांत धरून बघितले. एक बाजू किंचित चपटी झालेली. "झिजल्यात. पिकअप जातो मग," तो म्हणाला, आणि जरा वेळाने, "पन बाई, गाडी इकायची आसंल युनिकॉर्न, तर मला सांगा."

क्लच सोडून देतो, याचा अर्थ मला यवतेश्वरच्या घाटात कळला. उतारावर मोटरसायकल दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिन तिला धरून ठेवतं, बैलाचा कासरा धरावा तसं. स्कूटरला मी वळणाआधी ॲक्सिलरेटर सोडला. थोडं धरलं तिने, आणि मग वेग कमी होता होता एका क्षणी कोणीतरी कासराच टाकून दिल्यासारखी गाडी मोकळी झाली, घरंगळायला लागली. पोटात गोळा आला. डावा हात क्लचसाठी आवळला, तो ब्रेक निघाला, या वेळी तेच हवं होतं. पण मग सबंध उतार मी ब्रेक धरूनच उतरले आणि खाली बोगद्यापाशी आले तेव्हा मागच्या चाकाला जळका वास. धरून ठेवायचा नसतो. दाबायचा, सोडायचा, थंड होऊ द्यायचा, आणि थोडं पिळून ठेवायचं म्हणजे आतला क्लच सुटत नाही. हे मला घाटात कोणी सांगितलं नाही, वासाने सांगितलं.

महिनाभर डावा हात शहाणा होईना. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांचे दोन्ही ब्रेक जोडून देणं सक्तीचं झालं, नाही तर एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारा ब्रेक तरी हवा. माझ्या गाडीचा डावा दाबला की पुढचाही थोडा लागतो. चांगलीच सोय. त्या सोयीमुळे मी दोनदा वाचले, आणि तिच्याचमुळे एकदा आमच्या गेटपाशी खडीवर, तीनच्या वेगाने, हँडल वळलेलं असताना, शांतपणे आडवी झाले. वॉचमनने उचललं. "सवय न्हाई, मॅडम?" सवय नाही कशी, सवयच आहे. जुनी.

शिकले कशी ते विचाराल तर गाईने शिकवलं. अरुंद गल्लीत गाडी वळवायची होती. मोटरसायकलवर ते अर्ध्या क्लचवर होतं, गाडी मुंगीच्या पावलांनी फिरते. इथे क्लच नाही, पिळलं तर उसळते, सोडलं तर मरते. दोन रिक्षा थांबलेल्या, माणसं बघतायत. चिडून मी उजव्या हाताने थोडं पिळलेलं तसंच धरलं आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी ब्रेक नुसता उचलला. म्हणजे दाबला असं म्हणता येणार नाही, दोन बोटांत तो घेतला. पडदा निसटतो का ते बघताना घेतात तेवढाच. गाडी मान खाली घालून वळली. ती वळली तेव्हा माझ्या हाताला एकदम कळलं की हे काम आपल्याला येतं. ताकदीचं नव्हतंच ते.

त्यानंतर खांदा दुखला नाही असं नाही. पण रात्री शेक लागत नाही.

युनिकॉर्न मेकॅनिकनेच घेतली, पुढे कोरेगावकडच्या एका दूधवाल्याला दिली. विकायच्या आदल्या रविवारी मी ती शेवटची चालवली, तर उलटंच झालं. सिग्नलला थांबायला डाव्या हाताने "ब्रेक" दाबला आणि गाडी क्लचवर खुशाल पुढे निघाली. दीड महिन्यात एवढं बदललं होतं. एखाद्या वळूसारखी वाटायची पूर्वी ती. त्या दिवशी नुसती उंच वाटली. नंतर एकदा कोरेगावच्या नाक्यावर दिसली, दोन्ही बाजूंना किटल्यांचे आकडे वेल्ड केलेले, डाव्या मुठीवर मी गुंडाळलेली निळी चिंधी तशीच.

पुसेगावला आम्ही मार्गशीर्षातली यात्रा उरकल्यावर गेलो, गर्दी नको म्हणून. आईने हेल्मेट घालायला नकार दिला, मग अंबाडा खाली घेऊन घातलं. जाताना पंपावर थांबले, बसल्या बसल्या पेट्रोल भरलं. पंपावरची मुलगी सवयीने म्हणाली, "उतरा आजी." आईने उत्तरसुद्धा दिलं नाही, नुसती पुढच्या झाकणाकडे मान हलवली.

येताना वर्धनगडच्या घाटात उसाचा ट्रॅक्टर अडकला होता. मागे गाड्यांची रांग, उतार, ऊन. मी गाडी बंद करून डाव्या हाताने ब्रेक धरून उभी. आईने पिशवीत खुडबुड केली आणि मागून म्हणाली, "प्रसाद घे. मघाशी घ्यायचा राहिला."

उजवा हात हेल्मेटची काच वर करत होता, म्हणून मी सहज डावा मागे नेला. ब्रेक सुटला, गाडी वीतभर पुढे सरकली, पुन्हा धरला.

"डावा काय करतेस? उजवा कर."

डावा ब्रेकवर ठेवला आणि उजवा मागे केला. दोन साखरफुटाणे आणि खोबऱ्याचा तुकडा. पुढे कोणीतरी ट्रॅक्टरच्या चाकाला दगड लावत होतं.